कोणत्या दुखण्यास कोणते दार?

रात्रीचे दोन वाजले आहेत. घरातील मूल तापाने फणफणले आहे, किंवा वडिलांच्या छातीत कळ आली आहे. सर्वजण उठून बसतात आणि प्रश्न उभा राहतो : जावयाचे कोठे? कोणी म्हणतो, सकाळपर्यंत थांबू. कोणी म्हणतो, मोठ्या रुग्णालयातच जाऊ. शेजारी तिसरेच नाव सुचवितात. या चर्चेत गेलेला अर्धा तास काही दुखण्यांत मुळीच जाणवत नाही; काही दुखण्यांत मात्र तो प्राणावर बेततो. हा भेद कसा ओळखावा, याचा विचार आज आपण करू.

उदाहरणादाखल भिलाई घ्या. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांत विभागलेली वसाहत वसली आणि तिच्यात उपचारांच्या पायऱ्याही बांधल्या गेल्या. लहान दुखण्यांसाठी वसाहतीतील आरोग्य केंद्रे, कामावर झालेल्या इजेसाठी कारखान्याच्या आवारातील वैद्यकीय ठाणे, आणि सर्वांच्या वर सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय. वसाहतीबाहेरही अशीच उतरंड आहे. खेड्यात मितानिन असते. छत्तीसगडीत मितानिन म्हणजे सखी, आणि हे काम तेथे २००२ पासून चालू आहे. तिच्यानंतर उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, सामुदायिक आरोग्य केंद्र, दुर्गचे जिल्हा रुग्णालय आणि शेवटी २०१२ मध्ये रायपूरला सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था. नावे बदलली तरी आपल्या गावीही हीच रचना आढळेल; तिचा आराखडा १९४६ च्या भोर समितीने मांडला होता.

या पायऱ्या कशासाठी? साध्या पडशासाठी मोठ्या रुग्णालयात गेल्यास आपला दिवस मोडतो, पैसा जातो, गर्दीत दुसरा रोग जडण्याचा संभव असतो, आणि ज्याला खरोखर निकड आहे त्याच्या वाट्याचा डॉक्टरांचा वेळ आपण घेतो. याउलट मोठे दुखणे घेऊन लहान दारी थांबल्यास जे गमवावे लागते ते पुन्हा मिळत नाही. चूक दोन्हीकडे आहे, परंतु दोन्ही चुका सारख्या नाहीत. म्हणून शंका असेल तेव्हा वरची पायरी निवडावी.

प्रथम घरचे दार. सर्दी, खरचटणे, मोठ्या माणसाचा एक-दोन दिवसांचा साधा ताप यांस विश्रांती, पाणी व देखरेख पुरते. मुलास जुलाब झाल्यास सलाईनसाठी धावण्यापूर्वी जलसंजीवनीची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात विरघळवून घोटघोट पाजावी. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या द्रावणाने पटकीच्या असंख्य रोग्यांना वाचविले. तेथे पाजणारे हात पुष्कळदा नातलगांचेच होते.

दुसरे दार जवळच्या आरोग्य केंद्राचे. दोन दिवसांत न उतरणारा ताप, टाके घालण्याजोगी जखम, गरोदरपणातील तपासणी, रक्तदाब व मधुमेह यांची नियमित औषधे ही सर्व येथली कामे. कुत्रा चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी केंद्रात जाऊन लस घ्यावी. जखम लहान दिसली तरी दिरंगाई नको. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत आणखी एक औषध टोचावे लागते. ते तेथे नसल्यास जिल्हा रुग्णालय गाठावे.

आता तिसरे दार, जेथे पायऱ्या मोजीत बसावयाचे नसते. छातीत दाटून येऊन घाम फुटणे, तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, श्वास घेता न येणे, न थांबणारा रक्तस्राव, बेशुद्धी, गरोदर स्त्रीस झटके किंवा रक्तस्राव : यांत तडक मोठे रुग्णालयच. अर्धांगवायूत गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्यापूर्वी मेंदूचे सी.टी. स्कॅन करावे लागते. म्हणून ते यंत्र जेथे आहे तेथेच जावे, आणि लक्षण किती वाजता दिसले ते ध्यानात ठेवावे. मूल काही पिऊ शकत नसेल, प्यालेले सर्व ओकत असेल, त्यास झटके येत असतील किंवा ते हाक मारूनही जागे होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा ताप कधीही साधा समजू नये. सिकलसेल असलेल्या मुलाच्या तापाबाबतही हाच नियम पाळावा.

भाजण्याचे दुखणे भिलाईने जवळून पाहिले आहे. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कारखान्याच्या कोक भट्टी विभागात वायुवाहिनीचा स्फोट झाला, अनेकांचे प्राण गेले, आणि भाजलेल्यांना सेक्टर ९ च्या रुग्णालयात हलविण्यात आले. घरात कोणी भाजल्यास त्या जागेवर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. तूप, शाई, दंतमंजन किंवा बर्फ लावू नये. चेहरा, हात, सांधे भाजले असतील, किंवा विजेने अथवा रसायनाने भाजले असेल, तर डाग लहान दिसला तरी रुग्णालयात जावे.

सर्पदंशाची गोष्ट वेगळी सांगावयास हवी. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्यास चावते आणि बहुधा दुखतही नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरच्यांना ते अपचन वाटते. अशा वेळी बैगाच्या मंत्रात घालविलेला प्रत्येक तास घातक होय. दंशावर चिरा देऊ नये, आवळपट्टी बांधू नये. अवयव स्थिर ठेवून प्रतिविष व श्वासाची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

वाहनासाठी छत्तीसगडात व महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक आहे; ११२ देशभर चालतो. खालच्या केंद्रातील डॉक्टरांनी वर पाठविले तर तो त्यांचा नाकर्तेपणा समजू नये. त्यांची चिठ्ठी घ्यावी आणि दिलेल्या औषधांची नोंद सोबत न्यावी.

वाचकहो, कारखान्यात अपघात झाल्यावर काय करावयाचे हे कामगारास आधीच शिकविलेले असते. घरात मात्र आपण तो निर्णय घाबरलेल्या मनावर सोडतो. आज एवढे करा : जवळचे आरोग्य केंद्र कोणते, रात्री उघडे असणारे रुग्णालय कोणते, प्रतिविष व स्कॅन कोठे मिळते, घरात कोणास कोणते औषध चालू आहे, हे एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूस चिकटवा. घरातील सर्वांना, मुलांनाही, तो वाचून दाखवा. म्हणजे रात्री दोन वाजता चर्चा करण्याची पाळी येणार नाही.