यंत्राआधी अंदाज

रविवारची सकाळ. धान्याच्या दुकानात आजोबांच्या शेजारी पाचवीत शिकणारा नातू बसला आहे. गिऱ्हाईकाने तीन किलो तूरडाळ मागितली. काट्यावर पन्नास ग्रॅम जास्त पडली. तेवढी चालेल, असे गिऱ्हाईकाने सांगितले. भाव किलोला १६० रुपये. नातवाने लगबगीने कॅल्क्युलेटर पुढे ओढला, ३.५० गुणिले १६० केले आणि सांगून टाकले, "पाचशे साठ." आजोबा हातातले काम न थांबवता म्हणाले, "बाळ, तीन किलोचे चारशे ऐंशी झाले. मग वरच्या मूठभर डाळीचे ऐंशी रुपये होतील का? ऐंशी तर अर्ध्या किलोचे होतात." पन्नास ग्रॅमचे आठ रुपये, एकूण ४८८. गिऱ्हाईकाकडून ७२ रुपये अधिक घेतले गेले असते.

या प्रसंगात यंत्राने एकही चूक केली नव्हती. त्याला जे सांगितले गेले, त्याचा त्याने अचूक गुणाकार केला. चूक होती ती तीन किलो पन्नास ग्रॅम आणि साडेतीन किलो यांतील भेद न कळण्यात. म्हणजेच स्थानिक किमतीच्या आकलनात. कॅल्क्युलेटर असे अज्ञान दूर करत नाही, झाकून ठेवतो. म्हणूनच प्राथमिक शाळेतील मुलांची गणिताची परीक्षा यंत्राविना घ्यावी की नाही, हा प्रश्न केवळ शिक्षणतज्ज्ञांच्या चर्चेचा राहत नाही. ज्या घरांचा चरितार्थ हिशेबावर आणि गिऱ्हाईकाच्या विश्वासावर चालतो, त्या घरांचा तो अगदी जवळचा प्रश्न आहे.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे दिले गेले. तेथे प्राथमिक शिक्षणाच्या अखेरीस, अकराव्या वर्षाच्या सुमारास, मुलांची राष्ट्रीय परीक्षा होते. पूर्वी तिच्या एका गणिती प्रश्नपत्रिकेत कॅल्क्युलेटर वापरण्याची मुभा होती. २०१४पासून मुख्य परीक्षेतून ती काढून घेण्यात आली आणि २०१६पासून निव्वळ अंकगणिताची अर्ध्या तासाची, ४० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका सुरू झाली. २०२२पासून तेथील सरकारी शाळांत आठ-नऊ वर्षांच्या मुलांची पाढ्यांची तपासणीही सक्तीची आहे. पडद्यावर एकेक प्रश्न येतो. असे २५ प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद, पाढे बारापर्यंत. या तपासणीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी रेषा मात्र ठेवलेली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कोणत्या मुलाला मदत हवी, हे शिक्षकाला कळावे एवढाच तिचा हेतू सांगितला जातो.

बारापर्यंतचे पाढे हे ऐकून महाराष्ट्रातील जुन्या पिढीला किंचित हसू येईल. एके काळी येथील शाळेत तीसपर्यंतचे पाढे तर असतच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही तोंडपाठ करून घेतली जाई. त्यामागे हौस नव्हती. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण अशा मापांत व्यवहार करताना पाव, अर्धा, पाऊण आणि सव्वा यांच्यावाचून एक पाऊल टाकता येत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर पैशांचा रुपया आला, पुढील काही वर्षांत शेर-मण जाऊन किलोग्रॅम आले, आणि अपूर्णांकांच्या त्या पाढ्यांची निकड संपली. ते पाठांतर जसेच्या तसे परत आणावे, असे कोणी म्हणणार नाही. पण त्या पाठांतरातून मनात जी एक मोजपट्टी तयार होई, तिची जागा दुसऱ्या कशाने भरून काढली का, हे प्रत्येक घराने तपासून पाहावे.

आपल्या देशात या तपासणीचा एक उत्तम नमुना उपलब्ध आहे. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५पासून ग्रामीण भागात 'असर' हे सर्वेक्षण होत आले आहे. स्वयंसेवक मुलाच्या घरी जाऊन, त्याच्या शेजारी बसून, एकेका मुलाला चार पायऱ्यांवर पारखतो : एक ते नऊ अंकांची ओळख, दोन अंकी संख्यांची ओळख, हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. २०२४च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतील ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी करता येत होती आणि पाचवीतील ३०.७ टक्के मुलांना भागाकार. म्हणजे पाचवीतील दर दहा मुलांपैकी जवळपास सात मुले भागाकाराच्या पायरीपर्यंत पोहोचलेली नव्हती. आकडे ग्रामीण भागाचे आहेत म्हणून शहरातील कुटुंबांनी निश्चिंत राहावे, असे मात्र नाही. शाळेची फी किती भरली यावरून भागाकार येतो की नाही, हे ठरत नसते.

तथापि पाटीवरची परीक्षा ही अर्धीच परीक्षा होय. १९८५ साली ब्राझीलमधील रेसिफे शहरातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे रस्त्यावर नारळ, फळे आदी विकणाऱ्या पाच मुलांना संशोधकांनी आधी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. नंतर तशीच आकडेमोड कागदावर निव्वळ उदाहरणांच्या रूपात दिली, तेव्हा बरोबर उत्तरे सुमारे ३७ टक्क्यांवर आली. नोबेल पारितोषिक विजेते अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत याच दिशेने मोठा अभ्यास केला. तो २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारात काम करणारी मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करत होती, पण शाळेच्या पुस्तकातील साध्या उदाहरणांपाशी अडखळत होती. उलट, केवळ शाळेत जाणारी मुले पुस्तकातील उदाहरणे त्यांच्यापेक्षा चांगली सोडवत होती, परंतु बाजारातील हिशेब त्यांना जमत नव्हता. एका ठिकाणचे ज्ञान दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही, हा त्याचा बोध.

व्यापारी घरांतील मुलांचे भाग्य असे की, त्यांना शाळा आणि दुकान ही दोन्ही दारे उघडी आहेत. प्रत्यक्षात मात्र त्यांपैकी एक दार हळूहळू लावले जात आहे. बिल संगणक करतो, सुट्टे पैसे मोजण्याऐवजी क्यूआर कोड पुढे केला जातो, आणि मुलाचा सुट्टीचा दिवस क्लासमध्ये जातो. मुलाला गल्ल्यावर बसवून त्याचे बालपण हिरावून घ्यावे, असा याचा अर्थ नव्हे. आठवड्यातून एक तास आजोबांच्या किंवा वडिलांच्या शेजारी बसून त्याने भाव विचारावा, वजन वाचावे, बाकी परत द्यावी, एवढे पुष्कळ आहे.

घरच्या घरी तपासणी करायची झाल्यास वीस मिनिटे पुरतात. आधी पाटीवरचे दोन प्रश्न द्यावेत : ६३ वजा २७ आणि ८२५ भागिले ६. मग दुकानातला एक : ३५ रुपयांचे सात पुडे घेतले आणि पाचशेची नोट दिली, तर परत किती? शेवटी एक अंदाजाचा : ४८ रुपयांच्या १९ वह्यांचे बिल हजाराच्या आत येईल की बाहेर? कागद-पेन्सिल हवी तर घेऊ द्यावी. घड्याळ मात्र समोर ठेवू नये. वेग सरावाने येतो, आणि भीतीने येत असलेलेही उत्तर निसटते.

उत्तर चुकले, तर तपासणाऱ्याने रागावण्याऐवजी चुकीचे मूळ पाहावे. ६३ वजा २७ याचे उत्तर मुलाने ४४ लिहिले, तर त्याने तीनातून सात जात नाहीत म्हणून सातातूनच तीन वजा केले, हे उघड आहे. त्याला दशक मोडून एकक करणे समजलेले नाही. दहाची एक नोट मोडून दहा नाणी दिली, की तेच त्याला पाच मिनिटांत उमगेल. कॅल्क्युलेटरने ३६ हे उत्तर क्षणात दिले असते आणि ही उणीव सातवी-आठवीपर्यंत कोणाच्या लक्षातही आली नसती. दुकानातला प्रश्न सुटला (२५५ रुपये परत) पण भागाकार अडला (भागाकार १३७, बाकी ३), तर मुलाला मांडणी शिकवायची आहे. उलट घडले, तर त्याला दुकानात न्यायचे आहे. 'प्रथम'च्या अध्यापनपद्धतीचे सूत्रही हेच आहे : मूल कोणत्या इयत्तेत आहे यापेक्षा कोणत्या पायरीवर उभे आहे ते पाहून तेथूनच शिकवायला आरंभ करायचा. तपासणीनंतर शिकवणे नसेल, तर तपासणीला काही अर्थ उरत नाही.

कॅल्क्युलेटर हा शत्रू नव्हे. लांबलचक बेरजा, जीएसटीची विवरणे, व्याजाची कोष्टके यांसाठी त्याचा उपयोग अवश्य करावा. क्रम तेवढा सांभाळायचा : आधी मनातला अंदाज, मग यंत्राचे उत्तर, आणि दोहोंत फार अंतर पडले तर पुन्हा पाहणे. ही सवय दहाव्या वर्षी लागली, तर पुढे लाखांच्या बिलात एक शून्य जास्त पडलेले ते मूल नजरेनेच ओळखेल; मग ती चूक आपल्या तोट्याची असो की समोरच्याच्या.

तूरडाळीच्या त्या बिलापाशी आजोबांनी नातवाला रागावले नाही, कॅल्क्युलेटरही काढून घेतला नाही. पुढच्या गिऱ्हाईकाने सव्वादोन किलो साखर मागितली. भाव किलोला ४४ रुपये. कॅल्क्युलेटरवर हात ठेवून आजोबांनी इतकेच विचारले, "शंभराच्या आत की बाहेर?" नातू क्षणभर थांबला. "आतच. अठ्ठ्याऐंशी आणि वर अकरा," तो म्हणाला. मग आजोबांनी कॅल्क्युलेटर त्याच्याकडे सरकवला. पडद्यावर ९९ उमटले, आणि गिऱ्हाईकाने पुढे केलेल्या शंभराच्या नोटेतला एक रुपया नातवाने स्वतःच्या हाताने परत केला.