युरोपीय बास्केटबॉल : छोट्या देशांचे यश आणि भारतातील खुंटलेली वाट

लाटव्हियाची राजधानी रिगा येथे १४ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात जर्मनीने तुर्कस्तानचा ८८-८३ असा पराभव करून युरोपीय बास्केटबॉल अजिंक्यपद पटकावले. २०२३ च्या विश्वविजेत्या संघाने १९९३ नंतर प्रथमच हा किताब जिंकला. जाणकारांना मात्र निकालापेक्षा वाटेत झालेल्या उलथापालथीचेच अधिक आश्चर्य वाटले. निकोला योकिचसारखा खेळाडू असलेल्या सर्बियाला फिनलंडने बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात घरी पाठवले. फ्रान्सला जॉर्जियाने हरवले. सुमारे ५५ लाख लोकसंख्येचा फिनलंड उपांत्य फेरी गाठून चौथ्या स्थानावर राहिला.

त्याच्या महिनाभर आधी, ऑगस्टमध्ये, सौदी अरेबियातील जेद्दाह येथे आशिया चषक स्पर्धा झाली. भारताने पहिल्या सामन्यात जॉर्डनला जादा वेळेपर्यंत झुंजवले आणि ९१-८४ अशी हार पत्करली. त्यानंतर चीन आणि यजमान सौदी अरेबिया यांच्याकडूनही पराभव झाल्याने भारतीय संघ साखळीतच बाद झाला. २०२२ मध्ये जकार्ता येथेही भारताच्या वाट्याला तीन पराभवच आले होते. या दोन स्पर्धा शेजारी ठेवल्या म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. बास्केटबॉलमध्ये लोकसंख्येला काही अर्थ आहे काय?

२०११ च्या जनगणनेनुसार झाशी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २० लाख होती. स्लोव्हेनिया या संपूर्ण देशाची लोकसंख्या सुमारे २१ लाख आहे, लाटव्हियाची त्याहूनही कमी. नागपूर जिल्ह्यात असे दोन देश सहज मावतील. तरीही २०१७ मध्ये इस्तंबूल येथे सर्बियाला ९३-८५ असे हरवून स्लोव्हेनिया युरोपचा विजेता ठरला, आणि तोही नऊच्या नऊ सामने जिंकून. १९३५ मध्ये जिनिव्हा येथे ही स्पर्धा प्रथम भरली, तेव्हा दहा संघांमधून लाटव्हियाने अंतिम सामन्यात स्पेनचा २४-१८ असा पराभव करून पहिला मान मिळवला होता. पुढची दोन विजेतेपदे, १९३७ आणि १९३९ ची, लिथुआनियाने जिंकली. १९३९ च्या स्पर्धेसाठी कौनास शहरात खास बास्केटबॉलचे क्रीडागृह उभारण्यात आले. दुसऱ्याच वर्षी या बाल्टिक देशांचे स्वातंत्र्य सोव्हिएत संघाने हिरावून घेतले. कौनासमधला खेळ मात्र थांबला नाही. १९४४ मध्ये स्थापन झालेला झाल्गिरिस हा क्लब सोव्हिएत राजवटीतही लिथुआनियन अस्मितेचा आधार मानला गेला, आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र लिथुआनियाने कांस्यपदक मिळवले तेव्हा जगाला त्याचा अर्थ कळला.

या यशामागे गावातल्या क्लबापासून राष्ट्रीय संघापर्यंत जाणारी अखंड वाट आहे. लुका डॉन्चिच ल्युब्लियानाच्या ऑलिंपिया क्लबात वाढला, तेराव्या वर्षी रियाल माद्रिदने त्याला नेले, सोळाव्या वर्षी तो त्या क्लबाच्या मुख्य संघातून खेळला आणि अठराव्या वर्षी देशासाठी युरोपचे विजेतेपद जिंकला. यात त्याच्या प्रतिभेचा वाटा मोठा आहे, हे मान्यच करावे लागेल. परंतु सात-आठ वर्षांच्या मुलाला ती प्रतिभा ओळखणारा प्रशिक्षक, दर आठवड्याला सामना आणि वरच्या वयोगटात जाण्याचा दरवाजा, या तिन्ही गोष्टी त्याला चालत जाण्याच्या अंतरावर मिळाल्या.

झाशी जिल्ह्यात बेतवा नदीच्या काठी एरच हे छोटे नगर आहे. प्रल्हाद आणि होलिकेच्या आख्यायिकेमुळे ते ओळखले जाते. तेथील एखादा उंच, चपळ मुलगा या खेळाकडे वळलाच, तर त्याची वाट कोणती? आधी शाळेचा संघ, मग जिल्हा, मग क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी, आणि नशीब असेल तर विशीच्या आसपास रेल्वे, सेनादल किंवा एखाद्या सार्वजनिक उपक्रमात खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. क्लब हा शब्द या वाटेत कोठेच येत नाही.

नोकरीच्या या वाटेला कमी लेखणे अन्यायाचे होईल. झाशीकरांना हे सांगण्याची गरज नाही. मेजर ध्यानचंद १९२२ मध्ये सैन्यात भरती झाले आणि हॉकीत जे घडले ते लष्करी सेवेच्या आश्रयानेच घडले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले. याच बर्लिनमध्ये बास्केटबॉलने ऑलिंपिकमध्ये प्रथम प्रवेश केला, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथेच कबड्डीची प्रात्यक्षिके करून दाखवली. १४ ऑगस्टच्या ज्या पावसामुळे हॉकीचा अंतिम सामना दुसऱ्या दिवशीवर ढकलला गेला, त्याच पावसात उघड्या मातीच्या मैदानावर बास्केटबॉलचा अंतिम सामना उरकण्यात आला. चिखलात चेंडू उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडाला अवघ्या १९-८ ने हरवले. आज बंदिस्त, चकचकीत मैदानाशिवाय ज्याची कल्पनाही करवत नाही, त्या खेळाची ऑलिंपिकमधील सुरुवात अशी होती.

भारतात ख्रिस्ती युवक संघटनेने, म्हणजेच वायएमसीएने, हा खेळ रुजवला. महाराष्ट्रात त्याचे सर्वात जिवंत केंद्र ठरले ते मुंबईतील नागपाडा. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकी मिशनऱ्याने १९२६ मध्ये तेथे सुरू केलेल्या नागपाडा नेबरहूड हाऊसचे नाव समाजकार्याच्या शिक्षणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. त्याच परिसरातील मस्तान तलावाच्या मैदानाला बास्केटबॉलच्या इतिहासात तसेच स्थान आहे. दाटीवाटीच्या, बहुतांशी गरीब अशा या वस्तीतून अब्बास मुंतासिर घडले. त्यांनी भारताचे कर्णधारपद भूषवले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. संध्याकाळी मैदानाभोवती जमणारी माणसे, थोरांकडून लहानांनी उचललेली चाल, गल्लीगल्लीतली चुरस, हे सारे कौनास किंवा ल्युब्लियानाच्या जवळचे आहे. भारतात क्लबसंस्कृती रुजूच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी नागपाड्याकडे पाहावे. अडचण एवढीच, की अशी मैदाने देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली.

१९७५ मध्ये बँकॉक येथे भारताने आशियाई स्पर्धेत चौथे स्थान मिळवले. पुरुष संघाला त्यापुढे आजवर जाता आलेले नाही. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये बहिष्कारामुळे भारताला प्रवेश मिळाला खरा, पण सातही सामने गमावून संघ बारावा, म्हणजे शेवटचा आला. २०१४ च्या आशिया चषकात चीनला ६५-५८ असे हरवण्याचा पराक्रम भारतीय संघाने केला होता. दुसऱ्याच वर्षी राष्ट्रीय महासंघात दोन गट पडले आणि खेळापेक्षा मान्यतेच्या वादाचीच चर्चा अधिक झाली.

महिला संघाची कहाणीही याच वळणाची आहे. जुलै २०१७ मध्ये बंगळूर येथे भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे निसटते हरवून आशियाच्या वरच्या गटात प्रवेश केला. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती. वरच्या गटात जपान, ऑस्ट्रेलिया, चीन यांच्यासमोर टिकाव लागला नाही आणि २०२१ च्या अम्मान येथील स्पर्धेनंतर संघ पुन्हा खालच्या गटात आला. ज्या खेळाडूंनी हे चढ-उतार पाहिले, त्यांच्यापैकी अनेकींचा वर्षभराचा आधार रेल्वेची नोकरी हाच होता. नोकरीमुळे घर चालते, हे खरे. पण वर्षाकाठी मोजक्याच चुरशीच्या स्पर्धा मिळतात, आणि नोकरी कायम झाल्यावर खेळाडूने अधिक सुधारावे यासाठी व्यवस्थेकडून कोणताही दबाव येत नाही. युरोपातील खेळाडूचा पुढच्या हंगामाचा करार त्याच्या या हंगामातील खेळावर ठरतो. त्यात असुरक्षितता आहे, पण धारही आहे.

व्यावसायिक लीगचे प्रयोग भारतात झाले नाहीत असे नव्हे. २०१५ मध्ये सुरू झालेली युनायटेड बास्केटबॉल अलायन्स ही लीग २०१७ पर्यंतच चालली. त्याच २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगची एनबीएच्या डॅलस संघाने निवड केली, परंतु त्याची घडण लुधियानाच्या अकादमीनंतर अमेरिकेतील फ्लोरिडात झाली होती आणि एनबीएचा प्रत्यक्ष सामना खेळण्याची संधी त्याला मिळाली नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना या एनबीए संघांनी मुंबईत वरळी येथे दोन सराव सामने खेळले. झगमगाट मोठा होता. ते दोन दिवस संपल्यावर नागपाड्यातील किंवा नागपुरातील मुलाला खेळायला नवा साप्ताहिक सामना काही मिळाला नाही.

खर्चाचा विचार केला तरी चित्र निराशाजनक नाही. फळी, कडे आणि सपाट सिमेंटची जागा एवढ्यावर हा खेळ सुरू होतो. गवताच्या किंवा कृत्रिम हिरवळीच्या हॉकी मैदानाच्या तुलनेत ही गुंतवणूक नगण्य आहे, आणि महाराष्ट्रातील अनेक शाळांच्या आवारात ती आधीच झालेली आहे. उणीव आहे ती शाळा सुटल्यानंतर त्या फळीखाली थांबणाऱ्या पगारी प्रशिक्षकाची आणि शेजारच्या तालुक्याशी ठरलेल्या वेळापत्रकाने होणाऱ्या सामन्यांची. युरोपीय स्पर्धा आता चार वर्षांनी होते. पुढची २०२९ मध्ये असून तिच्या यजमानांमध्ये स्लोव्हेनियाचाही समावेश आहे. झाशी जिल्ह्याएवढ्या त्या देशात त्या संघात खेळू पाहणारी मुले आजही कोणत्या ना कोणत्या क्लबाच्या मैदानावर आहेत.