सहीपुरती देखरेख

घरात शॉर्ट सर्किटने आग लागली म्हणजे पंचनामा होतो, आणि एखाद्या जुनाट वायरीवर ठपका ठेवून प्रकरण मिटते. ती वायर कोणी ओढली आणि त्या वेळी जाणता माणूस तेथे उभा होता काय, हे क्वचितच विचारले जाते. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी घातलेले बंधन केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या, आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या विनियमांनीही कायम ठेवले आहे. दिवा, पंखा, फ्यूज वा बटण बदलण्यास कोणाची आडकाठी नाही. परंतु जोडणीची क्षमता वा स्वरूप बदलणारे काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, परवाना असलेल्या तारतंत्र्याकडूनच करविले पाहिजे. अभियंत्याची नुसती पदवी येथे पुरेशी नाही. पदवीधरांनी यात अपमान मानू नये. पदवी ज्ञानाची साक्ष देते; चूक झाल्यास जाब कोणास विचारावा, हे परवान्याने ठरते.

दुर्दैवाने 'प्रत्यक्ष' हा शब्द पुष्कळदा कागदावरच राहतो. सही परवानाधारकाची, काम नाक्यावरच्या मिस्त्रीचे! दिव्यांच्या वायरीवर २,००० वॅटचा गीझर जोडला की २३० व्होल्टला सुमारे ९ अँपिअर प्रवाह वाहतो. ६ अँपिअरचा एमसीबी वारंवार पडतो, म्हणून तेथे १६ चा बसविला जातो. वरवर पाहता एक खटका बदलला. वस्तुतः वायरीचा पहारेकरीच हाकलला गेला. भिंतीतली वायर मग निमूटपणे तापत राहते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची देशातील संख्या दहा हजारांवर आहे. हे सारे मृत्यू घरांतले नव्हेत. तरीही हा आकडा झोप उडविणारा आहे.

मिस्त्रीला गुन्हेगार ठरवून हे थांबणार नाही. त्याच्या हाती कसब आहे. त्यास सोप्या मराठीतील परीक्षेने परवान्याच्या कक्षेत आणावे. काम संपताच चाचणी-अहवालाची प्रत घरमालकाच्या हाती पडावी, आणि स्थळी न जाता सही करणाऱ्याचा परवाना रद्द व्हावा. चार पैसे वाचविण्यासाठी परवाना न विचारणाऱ्या गृहस्थांनाही आपला वाटा नाकारता येणार नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हा खेळ आता पुरे झाला.