बियाणं पोचलं, तपासणी का पोचली नाही?

जैवतंत्रज्ञान म्हटलं की आपल्या चळवळीत दोनच सूर ऐकू येतात. 'विज्ञान आहे, स्वीकारा', नाहीतर 'कंपन्यांचा डाव आहे, हाणून पाडा'. या भांडणात मूळ प्रश्न राहून जातो: हे विज्ञान कुणाच्या दारात पोचतं आणि कुणाच्या नाही?

विदर्भ पाहा. जीवाणूचं जनुक घातलेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच बहुतेक कापूस बीटी झाला. हे संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, म्हणून विकणारा गावोगाव पोचला.

त्याच विदर्भात आदिवासींप्रमाणे बौद्ध समाजातही सिकलसेल आहे. हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष आहे, हे १९४९ मध्येच सिद्ध झालं. जनुकात बदल करणारा 'कॅसजेव्ही' उपचार २०२३ मध्ये मंजूर झाला. तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये! ते राहू द्या. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात. रक्ततपासणीलाही कोटी लागत नाहीत. तरी नवजात बाळांची तपासणी आजही सरसकट होत नाही. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या केंद्राच्या सिकलसेल मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे. तो हवाच. पण बौद्ध वस्त्यांचं काय?

कुणी म्हणेल, 'हा त्यांच्या रक्तातलाच दोष.' साफ खोटं. हे जनुक वाहकाला मलेरियापासून काहीसं वाचवतं, म्हणून ते मलेरियाच्या प्रदेशांत टिकलं. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. मात्र आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. जातीतच लग्नं लावल्याने असे जोडीदार एकत्र येण्याची शक्यता वाढते. जातीतल्या जातीत लग्न हाच जातिव्यवस्थेचा गाभा, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच मांडलं होतं.

वडूजच्या कार्यकर्त्याने विदर्भावर का बोलावं? चळवळीला जिल्ह्याची हद्द नसते म्हणून. येत्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतून एक तपासणी शिबिर घ्या. सोबत निवेदन द्या: प्रत्येक नवजात बाळाची तपासणी, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत गोळ्या, मोहिमेत बौद्ध वस्त्या आणि जनुकीय उपचार सरकारी रुग्णालयात.

बाजार नफा असेल तिथे आपणहून जातो. आपल्या वस्तीत विज्ञान आणायचं तर ते हक्क म्हणून मागावं लागेल.

जय भीम!