चार चाकांची चाळ

स्पोर्ट्‌स कारवर मत द्यायचा अधिकार ती ज्याच्या दारात उभी आहे त्यालाच, असे काही लोक समजतात. मग लोकसभेवर बोलायचा अधिकारही फक्त खासदारांनाच द्या! मी मरोळला राहतो. अंधेरी-कुर्ला रोडने संध्याकाळच्या वेळी मरोळ नाक्यावरून साकी नाक्यापर्यंत जो रिक्षाने गेला आहे, त्याला 'स्प्रिंग' या विषयातली डॉक्टरेट विद्यापीठाने घरपोच द्यावी.

तर वाद असा. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने १९९५ साली एमजीएफ नावाची गाडी काढली. सिटा दोन, टप कापडी, इंजिन पाठीमागे. २००२ साली तिचीच एमजी टीएफ झाली. शौकीन मंडळी टीएफच्या बाजूची. का, तर जुनीच्या व्हीव्हीसी मॉडेलची ताकद १४५ अश्वशक्ती आणि टीएफ १६० ची. अहो, हे वरचे पंधरा घोडे मरोळला आणून बांधायचे कुठे? रिक्षा स्टँडवर?

खरा फरक घोड्यांत नाही, बुडाखाली आहे. एमजीएफला 'हायड्रागॅस' होते; अ‍ॅलेक्स मोल्टन या इंजिनियरची करामत. स्प्रिंगेच्या जागी नायट्रोजन वायू आणि द्रव, मध्ये रबराचा पडदा. शिवाय एका बाजूचे पुढचे चाक मागच्या चाकाशी नळीने जोडलेले. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की द्रव मागे सरकून मागची बाजूही उचलतो, त्यामुळे गाडी होडीसारखी डुलत नाही. ही शुद्ध चाळ! पहिल्या खोलीत पाहुणे आले की शेवटच्या खोलीतून साखर निघते. टीएफमध्ये ही नळी गेली आणि चाकागणिक पोलादी स्प्रिंग आली. म्हणजे फ्लॅट. ज्याचा धक्का त्याने दार लावून सोसायचा.

नवी गाडी वळणावर घट्ट चालते, मान्य. हायड्रागॅसवर चालणारी शेवटची मोटार एमजीएफच उरली होती. एका गिऱ्हाइकासाठी दुकान उघडे ठेवणे परवडत नाही, हे मलाही कळते. मग तसे सांगा ना! पण नाही. गाडी कडक केली आणि नाव ठेवले 'स्पोर्टी'. माझे भांडण स्प्रिंगेशी नाही, या बारशाशी आहे. फुटपाथ खाल्ला की 'रस्ता रुंदीकरण', बँकेचे काउंटर बंद केले की 'डिजिटल सुविधा', आणि कंबर मोडली की 'स्पोर्टी'. त्रास आपला, विशेषण त्यांचे!

पुढे काय झाले? टीएफ फार आदळते अशी ओरड झाली आणि २००५ च्या मॉडेलला कंपनीने स्प्रिंगा मऊ केल्या. गिऱ्हाइकालाही कंबर असते हा शोध लागायला तीन वर्षे गेली. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये कंपनीच बसली.

तेव्हा माझे मत एमजीएफला. पुढच्याचा धक्का मागच्याने वाटून घेणे याला कोणी जुनाट म्हणत असेल, तर त्याने एकदा संध्याकाळी सहा वाजता साकी नाक्याला यावे. येताना रिक्षाने यावे, मेट्रोने नव्हे.