जुन्या सायकलीस नवा रंग

मनुष्याच्या नित्य उपयोगाच्या वस्तूंत सायकलीइतकी निमूटपणे सेवा करणारी वस्तू क्वचितच दुसरी असेल. तिला दाणावैरण नको, आणि तेल लागलेच तर थेंबभर. तथापि तिच्या वाट्यास येणारी उपेक्षाही तितकीच मोठी आहे. दसऱ्यास तिला धुऊनपुसून झेंडूची माळ घालावयाची आणि उरलेले वर्षभर ऊनपावसात भिंतीस टेकवून ठेवावयाची, ही आपली रीत होय. चार पावसाळ्यांत रंगाचे पोपडे निघतात, सांगाडा तांबूस दिसू लागतो, आणि मग घरातील वडील मंडळी निकाल देतात की, "आता ही भंगारात घाला." हा निकाल पुष्कळदा अन्यायाचा असतो, असे माझे मत आहे, व ते का, हे विद्यार्थीमित्रांपुढे मांडण्याचा येथे विचार आहे.

आपला पाटोदा तालुका बालाघाटाच्या माथ्यावरचा. येथल्याच गवळवाडीच्या परिसरात मांजरा नदी उगम पावते. परंतु नदीचे माहेर असूनही आपल्या शेतास पाण्याची ददात ती आहेच. दसरा-दिवाळी आटोपली की कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात, आणि शाळेत जाणारी मुले आजी-आजोबांजवळ मागे राहतात. अशा घरी वाडीपासून शाळेपर्यंतचा रस्ता बहुधा एका सायकलीच्या भरवशावर असतो. आणि तीही थोरल्याकडून धाकटीकडे आलेली असते. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य मिळते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु साहाय्याने आलेली सायकलही गंजतेच. ती मोडीत निघाली म्हणजे केवळ एक वस्तू गेली असे होत नाही. एखाद्या मुलीची शाळाही तिच्याबरोबर जाण्याचा संभव असतो.

कोणी म्हणेल, "सायकल चालते ना? मग रंगाचे कौतुक कशाला?" या आक्षेपात दोन गैरसमज आहेत. पहिला असा की, रंग म्हणजे निव्वळ शोभा. वस्तुतः आपल्या नेहमीच्या सायकलीचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो, आणि त्या नळ्यांची भिंत फार पातळ असते. हवेतील प्राणवायू व ओलावा यांचा पोलादाशी संयोग झाला की गंज चढतो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून तो रंगाच्या खाली शिरला की रंगास आतून उचलून पोपडा पाडतो, आणि नव्या जागेत ओल घेतो. म्हणजे रंग हे सायकलीचे कवच आहे. कवच फुटले आणि आपण स्वस्थ बसलो, तर नळी हळूहळू खाल्ली जाते.

दुसरा गैरसमज मुलांच्या मनाविषयी आहे. गंजकी सायकल आणणारा मुलगा ती शाळेच्या फाटकापासून दूर, कडुनिंबाच्या आड लावतो, हे कोणत्याही शिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. त्याच्या लाजेस हसणे सोपे आहे, उपदेश करणे त्याहूनही सोपे आहे. परंतु लाज उपदेशाने जात नाही. तीच सायकल त्याने स्वतःच्या हातांनी घासून, रंगवून, उजळ करून आणली तर मात्र ती जाते, आणि तिच्या जागी येतो तो अभिमान विकत घेतलेला नसतो, कमावलेला असतो.

आता हे काम कसे करावे? पहिली गोष्ट ही की, रंगाचा डबा सर्वांत शेवटी उघडावयाचा. आधी चाके, चिमटा, हँडल, पॅडल, चेन, मडगार्ड सर्व उतरवावे. छर्रे वाटीत रॉकेलमध्ये घालून ठेवावेत. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर केला तर आटे जातात. सांगाडा मोकळा झाला की वंगण पुसून काढावे आणि नळ्यांचे सांधे उजेडात निरखून पाहावेत. सांध्याजवळ केसासारखी रेघ दिसली तर ती चीर असू शकते. अशा वेळी रंगाचा विचार सोडून अनुभवी कारागिरास दाखवावे.

नंतर जुना रंग व गंज उतरवावयाचा. येथे उतावळेपणा घातक होतो. काही जण सांगाडा चुलीत घालून रंग जाळतात. त्यायोगे विषारी धूर होतो आणि धातूसही अपाय पोहोचतो. काही जण कानस चालवितात. तिने गंजाबरोबर नळीही झिजते. जाडा, मग मध्यम, मग बारीक अशा क्रमाने पॉलिश पेपर वापरणे हाच सरळ मार्ग होय. परंतु कोरडे घासू नये. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस विशेष अपायकारक आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपल्या जुन्या सायकली त्यापूर्वीच्या आहेत. यास्तव पाणी लावून घासावे, नाकातोंडास फडके बांधावे, आणि काम झाल्यावर हात धुतल्याखेरीज भाकरीस हात लावू नये. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक घासून पुसला जाणार नाही, याचीही दक्षता घ्यावी. सायकल चोरीस गेली तर ओळख पटविण्यास तोच साक्षीदार असतो.

उघडे पोलाद एका रात्रीतही तांबूस होऊ शकते. म्हणून ते कोरडे होताच त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा अस्तर-रंग द्यावा. खड्डे राहिले असतील तेथे लांबी भरून पुन्हा बारीक घासावे. मग रंगाचे हात पातळ द्यावेत. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात आणि आतला थर ओलाच राहतो. आट्यांत व छर्रे बसावयाच्या जागी रंग जाऊ देऊ नये. आपल्या माळावर दुपारी वारा सुटतो व धूळ उडते, तेव्हा सकाळची निवांत वेळ बरी. थिनर व रॉकेल ज्वालाग्राही आहेत. काम मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर व्हावे. रंग हातास चिकटेनासा झाला म्हणजे पक्का झाला असे नव्हे. निदान आठवडाभर सांगाडा तारेने टांगून ठेवावा. या आठवड्याचा धीर ज्यास धरवत नाही, त्याचा पहिला सर्व खटाटोप व्यर्थ जातो.

शहरांत आता भट्टीतील भुकटीच्या रंगाची सोय झाली आहे. विद्युत्भारित भुकटी धातूवर चिकटवून सुमारे २०० अंश उष्णतेत ती वितळवितात. तो रंग निःसंशय टणक होतो. ज्यास परवडेल त्याने तो द्यावा. परंतु भट्टीचा रंगही गंजावर दिला तर टिकत नाही. पूर्वतयारीस पर्याय नाही.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणाचाही आहे. ज्या रंगाने सांगाडा राखता येतो, त्याच रंगाने चीर झाकताही येते. तुटका सांधा लांबीने बुजवून, वर चकचकीत रंग देऊन सायकल विकणारे लोक आहेत. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. फक्त फसणाऱ्याचे पैसेच नव्हे, घाटाच्या उतारावर त्याचा प्राणही जाऊ शकतो. जो दोष आपण पाहिला तो घेणाऱ्यास सांगणे हे रंगाऱ्याचे कर्तव्य आहे.

तसेच प्रत्येक जुनी सायकल रंगवावीच, असेही माझे म्हणणे नाही. पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांनी जमविलेल्या जुन्या सायकलींचे संग्रहालय २०१७ साली सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली बीएसए कंपनीची घडीची सायकलही त्या संग्रहात आहे. अशा वस्तूवर मूळचा रंग व सोनेरी रेघा शाबूत असतील तर त्या जपणेच इष्ट, कारण एकदा घासलेला मूळ रंग पुन्हा येत नाही. कोणाच्या घरी आजोबांची अशी सायकल असेल तर तिला पॉलिश पेपर लावण्यापूर्वी दहादा विचार करावा. नित्य शाळेस जाणाऱ्या सायकलीचा न्याय मात्र निराळा आहे. तिने चालले पाहिजे, टिकले पाहिजे.

इंग्लंडात जॉन केंप स्टार्ले याने १८८५ साली रोव्हर सायकल बाजारात आणली. तिच्यापासून रूढ झालेली सांगाड्याची घडण आजच्या साध्या सायकलीत फारशी बदललेली नाही. ॲटलस कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना २०२० साली बंद पडला. तरी तिच्या सायकलींचे सुटे भाग आजही लहानशा गावच्या दुकानात मिळतात. म्हणजे सांगाडा शाबूत असेल तर बाकी सर्व बदलता येते. असे असता तो भंगाराच्या भावाने देणे हा व्यवहारही नव्हे.

शाळाशाळांतून कार्यानुभवाचे तास असतात. त्यांत कागदाची फुले पुष्कळ झाली. पावसाळा सरल्यावर, ऊसतोडीच्या गाड्या निघण्यापूर्वी, मोठ्या वर्गांतील मुलामुलींनी शिक्षकांच्या व गावच्या सायकल-मिस्त्रीच्या देखरेखीखाली निदान पाचदहा सायकली दुरुस्त करून रंगवाव्यात, अशी माझी सूचना आहे. मिस्त्रीस त्या दिवसांपुरते गुरुस्थानी मानावे व त्याचे मानधनही द्यावे. पहिला मान ज्यांचे आईबाप परगावी जाणार आहेत त्या मुलांच्या सायकलींस असावा. खर्च थोडा आहे. श्रम मात्र पुष्कळ आहेत, आणि श्रमांची आपल्या मुलांस सवय आहेच. या वर्षी दसऱ्याची माळ घालण्याच्या आधी सायकलीवरून एकदा बोट फिरवून पाहा. बोटास तांबूस लागले, तर पूजेचे खरे काम अद्याप व्हावयाचे आहे, असे समजावे.