नदीचा वाटा

बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीड या गावाजवळ, राहेरीच्या पुलावरून खडकपूर्णा नदी वर्षातून दोनदा पाहावी. चांगल्या पावसाच्या वर्षी श्रावणात तिचे गढूळ पाणी वेगाने धावत असते. वैशाखात त्याच पात्रात वाळू, गोटे आणि क्वचित एखादा डोह एवढेच उरते. 'उन्हाने नदी आटली' असे म्हणून आपण पुढे जातो. पण सारा दोष उन्हाचाच असतो काय?

अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून गोदावरीला मिळणाऱ्या या नदीच्या खोऱ्यात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या 4 महिन्यांतच पडतो. जमिनीखाली काळा कातळ आहे. त्याच्या भेगांत पाणी मुरते, परंतु फारसे साठत नाही. पाऊस सरल्यावर नदी वाहते, ती या मुरलेल्या पाण्याच्या पाझरावर. पात्रातील वाळूही पाणी धरून ठेवते. म्हणूनच कोरड्या दिसणाऱ्या पात्रात खड्डा खणला असता पाणी लागते. काठच्या विहिरींना आधार असतो तो याच ओलाव्याचा. वाळू उपसून नेली आणि काठावरचे पंप अहोरात्र चालू राहिले, तर उन्हाळ्यापूर्वीच नदी कोरडी पडणार, हे उघड आहे.

नदीच्या वरच्या अंगाला, देऊळगाव महीजवळ, धरण बांधलेले आहे. त्याच्या जलाशयाला संत चोखामेळा यांच्या स्मरणार्थ 'संत चोखासागर' असे नाव दिले आहे. असे धरण हवेच. पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यासाठी राखण्याचा तो एक मार्ग आहे. मात्र पाण्याची वाटणी करताना आपण गावाचा, शेताचा, कारखान्याचा वाटा मोजतो. नदीचा वाटा तेवढा विसरतो.

यावर कोणी विचारील, "उभे पीक डोळ्यांदेखत वाळत असता नदीची चिंता कोणी करावी?" प्रश्न रास्त आहे. शेतकऱ्याचे दुःख हलके मानण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु नदीचा वाटा म्हणजे समुद्राला दिलेले दान नव्हे. तो खालच्या गावांच्या विहिरींचा, तहानेल्या गुरांचा, डोहांतील माशांचा वाटा होय. आज आपण तो उचलला, तर उद्या वरच्या गावाने आपला उचलल्यावर तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक साठ्यांचे रक्षण करण्यासाठी महाराष्ट्रात 1993 साली भूजलाचा कायदा झाला. अशा साठ्यापासून 500 मीटरांच्या आत नवी विहीर खोदण्यावर त्याने बंधन घातले. तथापि प्रत्येक विहिरीवर कायद्याचा पहारा बसविता येत नाही. तो पहारा गावानेच करावा. पावसाळ्यानंतर विहिरींची पातळी मोजावी, उपलब्ध पाण्यानुसार पिके ठरवावीत आणि पात्रातील वाळू राखावी.

'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपण बहुधा उपहासाने उच्चारतो. नदीच्या बाबतीत मात्र ती सरळ अर्थाने खरी आहे.